तळमजल्याची मोरी

मुंबईतील जुन्या इमारतींची आठवण शहराला पावसाळ्यात होते. एखादी इमारत कोसळते, काही माणसे दगावतात, मदतीच्या रकमा जाहीर होतात, चौकशीचे आदेश निघतात आणि चार दिवसांनी सारे शांत होते. जी इमारत कोसळत नाही तिच्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. वस्तुतः गिरगाव, भायखळा, लालबाग, परळ, दादर या भागांत हजारो कुटुंबे अशा न कोसळलेल्या इमारतींतच दिवस काढीत आहेत. त्यांच्या नित्याच्या हालांपैकी ज्याला बातमीचे मोल कधीच येत नाही असा एक हाल म्हणजे तुंबलेली मोरी. विषय घाणीचा असल्याने तो चारचौघांत बोलण्याजोगा नाही, अशी एक समजूत आहे. ज्या गोष्टीविषयी बोलायचे नाही तिच्याविषयी सहसा विचारही होत नाही. आणि विचार न झाल्यामुळे दरवर्षी तेच घडते.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. सकाळच्या सात-साडेसातला वरच्या तीन मजल्यांवर आंघोळी चालू असतात, धुणी पडत असतात आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात मोरीच्या जाळीतून काळसर पाणी बुडबुडत वर येऊ लागते. त्या घरात त्या वेळी तांब्याभर पाणीही कोणी ओतलेले नसते. मुलांना शाळा असते, कर्त्या माणसाला कचेरी गाठायची असते आणि घरातली बाई धान्याचे डबे उचलून खाटेवर ठेवीत असते. पाठोपाठ जिन्यात भांडण सुरू होते. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी भाताचे खरकटे ओतले, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कोणाला न विचारता खोलीतच संडास बांधून घेतला, नव्याने राहावयास आलेल्यांना काही वळणच नाही, असे आरोप होतात. ‘कोणी तुंबवले?’ हा प्रश्न सर्वांच्या आधी विचारला जातो, ‘कोठे तुंबले?’ हा प्रश्न सर्वांच्या शेवटी, आणि बहुधा विचारलाच जात नाही. प्रश्नांचा हा क्रमच चुकीचा आहे. त्याची किंमत तळमजल्यावरचे बिऱ्हाड देते, इमारतीच्या भिंती देतात आणि प्रसंगी एखादा सफाई कामगार आपल्या प्राणांनी देतो.

पाणी आधी, निचरा मागाहून

या दुखण्याचे मूळ शहराच्या इतिहासात आहे. विहार तलावाचे पाणी १८६० साली मुंबईत नळाने येऊ लागले. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले. विहिरी आणि तळी यांवर जगणाऱ्या शहराला हा मोठाच दिलासा होता. परंतु नळातून घरात येणाऱ्या प्रत्येक घागरीला घराबाहेर जाण्याचीही वाट लागते, ही गोष्ट मुंबईच्या ध्यानात उशिरा आली. त्या काळच्या बहुसंख्य घरांत टोपलीचे संडास होते. मैला उचलून नेणाऱ्या कामगाराला मागच्या बाजूने येता यावे म्हणून दोन इमारतींच्या पाठींमध्ये एक अरुंद बोळ सोडलेला असे. तीच आजची घरगल्ली. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात या सफाईसाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे नावच ‘हलालखोर कर’ असे होते. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगची साथ उद्भवली आणि दाटीच्या वस्तीतील घाण हा साऱ्या शहराच्या जिवाचा प्रश्न आहे, हे प्रथमच सर्वांना कळून चुकले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो या धक्क्यातूनच.

पुढे टोपलीचे संडास जाऊन पाण्याचे संडास आले आणि त्यांचे बिडाचे नळ त्याच घरगल्लीत भिंतीवर चढवले गेले. इमारतीच्या दर्शनी भागाला नक्षीदार कठडे व सज्जे मिळाले आणि नळ मात्र जेथे कोणाची नजर जाणार नाही अशा पाठीमागच्या अंधारात राहिले. ते नळ ज्या वापराचा हिशेब धरून बसवले होते तोही आज राहिलेला नाही. खोलीत एक छोटी मोरी आणि मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, असा तो हिशेब होता. आता एका खोलीच्या दोन झाल्या आहेत, मोरीच्या जागी न्हाणीघर आले आहे, अनेकांनी घरातच संडास करून घेतला आहे आणि कपडे धुण्याचे यंत्र एका दमात बादल्याच्या बादल्या पाणी सोडते. यात रहिवाशांचा दोष काढण्याचे कारण नाही. वृद्ध आईला रात्री-अपरात्री व्हरांड्याच्या टोकापर्यंत जावे लागू नये असे एखाद्याला वाटले, तर ती चैन नव्हे. परंतु वापर वाढला आणि नळ तोच राहिला, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

जुने दिवस स्वच्छ होते, असे मानण्याचेही कारण नाही. भांडी राखेने आणि काथ्याने घासली जात होती तेव्हा राख आणि काथ्या मोरीतच जात होते. आज त्यांची जागा थंड होऊन गोठलेले तूप-तेल, कणीक, चहाचा चोथा, केसांचे गुंतवळ, सॅनिटरी नॅपकिन आणि प्लॅस्टिकच्या पुड्या यांनी घेतली आहे. फरक एवढाच, की राख वाहून जाण्याची शक्यता तरी होती. प्लॅस्टिक कुजतही नाही आणि विरघळतही नाही.

नळाचे शास्त्र

शाळेत विद्यार्थ्यांना हृदयाचे कप्पे आणि फुलाचे भाग यांच्या आकृत्या काढावयास लावतात. पण ज्या घरात ते राहतात त्या घराचे पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाते, हे त्यांना कोणी शिकवत नाही. ही वाट समजण्यास अवघड नाही. मोरीच्या जाळीखाली एक वाकडा भाग असतो. त्याला न्हाणी ट्रॅप म्हणतात. त्याच्या वाकणात नेहमी थोडे पाणी साचून राहते. हे पाणी म्हणजे नळातील दुर्गंधीला आणि झुरळांना अडवणारे दारच होय. एखादे घर महिनाभर बंद राहिले की हे पाणी सुकते आणि दार उघडे पडते. बंद घर उघडताच येणारा वास पुष्कळदा याचाच असतो, आणि तांब्या-दोन तांबे पाणी ओतले की तो जातो.

न्हाणी ट्रॅपमधून पाणी भिंतीवरच्या उभ्या नळात जाते. जुन्या इमारतींत मोऱ्यांचा नळ वेगळा आणि संडासांचा वेगळा असतो. मोऱ्यांचे पाणी जमिनीलगत गली ट्रॅप नावाच्या जाळीदार कुंडीत पडते आणि तेथून चेंबरमध्ये जाते. संडासांचा नळ थेट चेंबरला मिळतो. एका चेंबरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशा क्रमाने पाणी रस्त्याखालच्या महापालिकेच्या मलवाहिनीला जाऊन मिळते. संडासाच्या उभ्या नळाचे वरचे टोक छताच्याही वर उघडे ठेवलेले असते. त्यातून हवा खेळते. तेथे कबुतराने घरटे केले किंवा छत दुरुस्त करताना कोणी ते तोंड बुजवले, तर वरून पाणी पडताना खालच्या मजल्यावरचा ट्रॅप गुडगुडू लागतो आणि त्यातले पाणी ओढले जाते. गुडगुडणारा ट्रॅप हा पुष्कळदा येऊ घातलेल्या तुंबाऱ्याचाही पहिला इशारा असतो.

जमिनीखालचे जुने नळ भाजलेल्या मातीचे, चकाकी चढवलेले असतात. एकेक तुकडा सुमारे दोन फुटांचा. म्हणजे चाळीस फुटांच्या ओळीत वीस सांधे आले. प्रत्येक सांधा सिमेंटने भरलेला. जमीन किंचित खचली की सांधा उकलतो, त्यातून पाणी झिरपते आणि त्या ओलीच्या मागावर पिंपळाचे मूळ आत शिरते. केसासारखे शिरलेले मूळ काही वर्षांत नळभर जटा वाढवते. भिंतीवरच्या बिडाच्या नळाचे दुखणे वेगळे. तो आतून गंजतो, गंजाचे पापुद्रे धरतात आणि चार इंची नळाची वाट दोन-अडीच इंचांवर येते. पापुद्र्यांच्या खडबडीत अंगाला चरबी आणि केस चिकटले की पुढचे काम आपोआप होते. याशिवाय उताराचा प्रश्न असतो. चार इंची नळाला चाळीस फुटांमागे एक फूट, सहा इंचीला साठ फुटांमागे एक फूट असा उतार द्यावा, हा जुन्या अभियंत्यांचा सोपा नियम होता. जमीन खचली की उतार बिघडतो, मध्येच खोलगट भाग तयार होतो आणि तेथे गाळ बसतो. असा नळ कितीही वेळा साफ केला तरी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरतो. कारण मुळात तो तुंबलेला नसून मोडलेला असतो.

तळमजल्याचे हाल मात्र आणखी एका कारणाने वाढले आहेत, आणि त्याचा दोष वरच्या मजल्यांकडे जात नाही. जुन्या बांधणीत गली ट्रॅपची जाळी तळमजल्याच्या फरशीपेक्षा खाली ठेवलेली असे. त्यामुळे पुढे कोठे अडथळा आला तर पाणी आधी घराबाहेर, त्या जाळीतून उसळे. घरात येत नसे. ही एक साधी पण विचारपूर्वक केलेली सोय होती. पुढे रस्त्यावर डांबराचे आणि काँक्रीटचे थरावर थर चढत गेले, अंगणात लाद्या बसल्या, घरगल्लीत कचऱ्याचा ढीग साचला. जाळी गाडली गेली किंवा कोणीतरी वास येतो म्हणून ती सिमेंटने बंदच करून टाकली. एके काळी पायऱ्या चढून ज्या घरात जावे लागे, त्या घरात आता पायरी उतरून जावे लागते. बाहेरचे तोंड बंद झाल्यावर पाण्याला सर्वांत खालची उघडी जागा उरते ती तळमजल्याची मोरी.

कोठे तुंबले?

एवढे समजले म्हणजे अडथळ्याची जागा शोधणे हे गणितातील एखादे उदाहरण सोडवण्याइतके सरळ होते. एकाच घरातील एकच मोरी हळू वाहत असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर दोष त्या मोरीच्या ट्रॅपमध्ये आहे. जाळी काढून गुंतवळ बाहेर काढले की काम संपते. त्यासाठी शेजाऱ्यांवर आरोप करण्याची गरज नाही. एका घरातील मोरी आणि न्हाणीघर दोन्ही तुंबत असतील पण वरची-खालची घरे मोकळी असतील, तर त्या घरापासून उभ्या नळापर्यंतचा आडवा नळ पाहावा. एकावर एक असलेल्या खोल्यांपैकी दुसऱ्या मजल्याखालच्या साऱ्या खोल्या मोकळ्या आणि दुसऱ्या मजल्यावर मात्र वरचे पाणी येते, असे असेल तर उभ्या नळातील अडथळा दुसऱ्या मजल्याच्या लगत खाली आहे. आणि तळमजल्यावर कोणी पाणी वापरले नसता तेथे पाणी चढत असेल, तर अडथळा सर्वांच्या खाली, म्हणजे उभ्या नळाच्या पायथ्याशी, गली ट्रॅपमध्ये किंवा त्याच्याही पुढे आहे. अशा वेळी तळमजल्याच्या मोरीत काठ्या खुपसणे व्यर्थ होय.

पुढचा तपास चेंबरवरून करावयाचा असतो. झाकण उघडून थोडा वेळ दूर उभे राहावे, जवळ काडी किंवा विडी पेटवू नये, आत वाकू नये. केवळ वरून पाहावे. घराच्या चेंबरची खोली बहुधा दोन-चार फूटच असते. पहिले चेंबर भरलेले आणि दुसरे रिकामे असेल तर अडथळा त्या दोहोंमध्ये आहे. पहिले, दुसरे भरलेले आणि तिसरे रिकामे असेल तर तो दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये आहे. पहिलेच चेंबर रिकामे असेल तर तो इमारत आणि चेंबर यांमध्ये आहे. पुष्कळ जुन्या इमारतींच्या शेवटच्या चेंबरमध्ये, रस्त्यावरची दुर्गंधी आत येऊ नये म्हणून, इंटरसेप्टिंग ट्रॅप नावाचा मोठा वाकडा भाग बसवलेला असतो. दुर्गंधी अडवण्याचे काम तो करतो. पण वरून आलेले फडके आणि पिशवीही तोच अडवतो. इमारतीतील तुंबाऱ्याचे ते एक नेहमीचे ठिकाण आहे. तो मोकळा असूनही शेवटचे चेंबर काठोकाठ भरलेले असेल, तर मात्र रस्त्याखालची मलवाहिनीच भरून वाहत आहे आणि तक्रार महापालिकेकडे गेली पाहिजे. इमारतीची हद्द संपेपर्यंतचा नळ मालकाचा आणि पुढची वाहिनी महापालिकेची, ही विभागणी ज्यांना माहीत नसते ते आठ दिवस चुकीच्या दारात उभे राहतात.

वेळेचेही निदान असते. सकाळच्या गर्दीतच पाणी चढते आणि दुपारी आपोआप उतरते, याचा अर्थ नळ पूर्ण बंद नाही, तो अरुंद झाला आहे. आज दुर्लक्ष केले तर उद्या तो बंद होणार आहे. केवळ मोठ्या पावसातच पाणी चढत असेल तर गच्चीचे किंवा अंगणाचे पावसाचे पाणी कोणीतरी सांडपाण्याच्या नळाला जोडलेले असण्याचा संभव आहे. मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारे आणि मलवाहिन्या या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. एकीचे ओझे दुसरीवर टाकले की दोन्ही निकामी होतात.

उपायांतील अपाय

जागा न शोधता केलेले उपाय बहुधा अपायकारक ठरतात. त्यांतील सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे बाटलीभर ॲसिड ओतणे. ते केसांच्या गुंतवळावर फारसे चालत नाही, प्लॅस्टिकवर मुळीच चालत नाही. चालते ते बिडाच्या नळावर आणि सिमेंटच्या सांध्यांवर. तुंबलेल्या नळात ते पुढे सरकतही नाही. आदल्या दिवशी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर ॲसिडशी तिचा संयोग होऊन क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिक सोडा चरबीवर चालतो हे खरे, पण तो पाण्यात पडताच प्रचंड तापतो. तुंबून राहिलेल्या पाण्यात तो टाकला आणि वरून कोणी बादली ओतली तर उसळलेले पाणी डोळ्यांत जाते. नुसते उकळते पाणी ओतले तर चरबी वितळते, पण पुढे जाऊन थंड नळात पुन्हा गोठते. आपल्या घरातील अडथळा शेजाऱ्याच्या हद्दीत नेऊन ठेवण्याचाच हा प्रकार झाला.

आणखी एक घातक सवय म्हणजे झाकणे उघडी टाकणे. पाणी साचले की जवळचे झाकण उघडून ते जाऊ द्यावे, ही बुद्धी स्वाभाविक आहे. परंतु मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या मुसळधार पावसात, पाण्याखाली न दिसणाऱ्या अशाच एका उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक नामवंत डॉक्टर मृत्युमुखी पडले. आपल्या दारातील पाणी जावे एवढाच हेतू असतो. पण त्या मागे कोण पाऊल टाकणार आहे, हे उघडणाऱ्याला ठाऊक नसते.

झाकणाखालचा माणूस

या साऱ्या विषयाचा सर्वांत काळा भाग याच झाकणाखाली आहे. बांबूच्या कामट्यांनी काम भागले नाही की ‘कोणालातरी उतरवा’ असे सहजपणे म्हटले जाते. दोन-तीनशे रुपये जास्त देऊ केले की कोणीतरी उतरतोही. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहतो. थोड्या प्रमाणात त्याला नासक्या अंड्यांसारखा वास येतो. परंतु दहा लाख भाग हवेत त्याचे प्रमाण शंभर भागांच्या आसपास गेले की काही मिनिटांतच नाकाची वास घेण्याची शक्ती बधिर होते. म्हणजे वास येईनासा झाला, आता धोका नाही, असे वाटते तोच क्षण सर्वांत धोक्याचा असतो. आत कोसळलेल्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकाच टाकीत दोन-तीन माणसे दगावल्याच्या बातम्या येतात त्यांचे कारण हेच असते.

हे रोखणारा कायदा नाही असे नाही. १९९३ मध्ये पहिला कायदा झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून आणि सुरक्षेच्या खबरदारीवाचून कोणालाही गटारात किंवा मलटाकीत सफाईसाठी उतरवण्यास बंदी घातली. ही बंदी केवळ महापालिकेला नाही. ती प्रत्येक व्यक्तीला आहे. घरमालक, सोसायटीचा चिटणीस, वर्गणी गोळा करून माणूस बोलावणारे भाडेकरू, हे सर्व तिच्या कक्षेत येतात. पहिल्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, १९९३ पासून गटारात मरण पावलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही भरपाई तीस लाखांवर नेली. निकाल मोलाचे आहेत. परंतु भरपाई मृत्यूनंतर मिळते. झाकणापाशी उभ्या असलेल्या सुशिक्षित माणसाने ‘उतरू नकोस’ असे म्हटले तर ती देण्याचा प्रसंग येत नाही. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्याच माणसांच्या वाट्याला आले आहे, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या दोन शब्दांचे महत्त्व अधिकच जाणवते. शिवाय अडथळ्याची जागा नेमकी माहीत असेल तर घराच्या नळासाठी कोणी उतरण्याची सहसा गरजच पडत नाही. कामट्या, स्प्रिंगची तार आणि दाबाचे पाणी यांनी वरूनच काम होते. अज्ञानाची भरपाई दुसऱ्याच्या जिवाने करण्याचा हा प्रघात बंद झाला पाहिजे.

खर्च कोणाचा?

निदान बिनचूक झाले तरी पैशांचा प्रश्न उरतोच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, ते आवश्यकही होते. परंतु मालकाला इमारतीत रस उरला नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे वास्तू चांगल्या स्थितीत राखणे हे मालकाचेच कर्तव्य आहे. नोटिशीनंतर पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूंनी ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असता कामा नये. जेथे महिन्याचे भाडे मूठभर रुपयांत मोजले जाते तेथे या चौथ्या हिश्शात नळाचा एक सांधाही बदलून होणार नाही. म्हणजे हक्क आहे, पण तो वापरण्याजोगा नाही.

मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ मध्ये खास कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. उपकर भरणाऱ्या अशा १९,६४२ इमारती त्या वेळी होत्या. परंतु मंडळाच्या कामाचा मुख्य रोख इमारत कोसळू नये यावर असणार, हे उघड आहे. गळका नळ आणि कोसळणारी इमारत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी यामागे समजूत दिसते. ती बरोबर नाही. लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत मोरी व संडास यांच्या भिंतीत गेलेली तुळयांची टोके सर्वांत आधी कुजतात. तुंबलेल्या नळाचा सांधा सुटतो, पाणी भिंतीत मुरते, तुळईचे टोक मऊ होते; वर्षानुवर्षे हे चालू राहते आणि मग एका पावसात तो भाग बसतो. ज्या दुर्घटनेची चौकशी पुढे शासन करते तिची पूर्वसूचना कित्येक वर्षे मोरीच्या भिंतीवरील ओलीने दिलेली असते. पुनर्विकासाच्या आशेवर ‘आता कशाला खर्च करावयाचा’ असे म्हणणाऱ्या मालकांनी आणि भाडेकरूंनीही हे ध्यानात ठेवलेले बरे. पुनर्विकासाचा निर्णय दहा वर्षे लांबू शकतो; मुरणारे पाणी कोणाच्या सहीसाठी थांबत नाही.

यावर उपाय म्हणून प्रचंड योजनेची गरज नाही. प्रत्येक जुन्या इमारतीच्या जिन्यात, जेथे भाड्याच्या आणि सत्यनारायणाच्या सूचना लागतात तेथेच, नळांचा आणि चेंबरांचा एक साधा नकाशा लावता येईल. कोणत्या खोल्या कोणत्या नळावर आहेत, चेंबरे किती आणि कोठे, मालकाची हद्द कोठे संपते, एवढे त्यात असले तरी पुरे. शाळेतील एखादा शिक्षक आणि चार विद्यार्थी एका रविवारी हे काम करू शकतील. गाडलेली गली ट्रॅपची जाळी उघडी करणे आणि तिच्यापेक्षा घराची फरशी उंच राहील हे पाहणे, वैशाखात पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा सर्व नळ कामट्यांनी साफ करून घेणे, छतावरचे हवेचे तोंड तपासणे, प्रत्येक मोरीवर बारीक जाळी बसवणे, या गोष्टींचा खर्च सर्व बिऱ्हाडांत वाटला तर कोणालाही जड जाणार नाही. त्यात वरच्या मजल्यांचा वाटा तळमजल्याइतकाच असला पाहिजे. वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून तेथील रहिवासी वर्गणी नाकारतात, हा नेहमीचा अनुभव आहे. परंतु तळमजल्यावर जे चढते ते पाणी वरूनच आलेले असते. शासनानेही वळत्या रकमेची चौथ्या हिश्शाची मर्यादा निदान मलनिःसारणाच्या दुरुस्तीपुरती शिथिल करावी आणि दुरुस्ती मंडळाने नळांच्या दुरुस्तीला इमारत वाचवण्याच्या कामाचाच एक भाग मानून अग्रक्रम द्यावा.

लोकशाहीत सामायिक जबाबदारीविषयी पुष्कळ बोलले जाते. ती जबाबदारी अनेकदा फार दूरच्या गोष्टींच्या संदर्भात सांगितली जाते आणि म्हणूनच ती कोणाच्या अंगाला लागत नाही. जुन्या इमारतीतील उभा नळ ही मात्र अगदी घराच्या भिंतीला चिकटलेली सामायिक मालमत्ता आहे. तीन मजल्यांवरची माणसे जिन्यात एकमेकांशी बोलत नसतील, पण त्यांचे पाणी त्याच एका नळातून जाते. पुढच्या वेळी तळमजल्याच्या मोरीतून पाणी वर येईल तेव्हा गुन्हेगार शोधण्याआधी चेंबरची झाकणे क्रमाने उघडून पाहिली, आणि त्यांत कोणालाही उतरू दिले नाही, तर एवढ्यानेही पुष्कळ साधेल.